तुमचे प्रश्न, बाईंची उत्तरं : नांगराच्या फाळाइतकी जमीन

लेकीच्या बाळंतपणासाठी मी चार महिने कॅनडात, सॅस्कटूनला राहून आले. गेल्या अंकात त्या मुलखातल्या मूळ रहिवाशांबद्दल पानभर लिहिलं आणि या महिन्यात टपालाचा गठ्ठा नेहमीपेक्षा जाड आला. पत्रं नाशिक शहरातून आली, पेठहून आली, दिंडोरीहूनही आली. सुरगाणा तालुक्यातल्या आश्रमशाळेत माझी अठ्ठावीस वर्षं गेली, त्यामुळे हा विषय मला परका वाटत नाही. सगळी पत्रं छापायला जागा नाही. त्यातली पाच निवडली आहेत.

प्रश्न : बाई, माझी मुलगी सप्टेंबरमध्ये विनिपेगला शिकायला जाते आहे. तिच्या विद्यापीठात तिथल्या आदिवासींवरचा एक विषय सगळ्यांना सक्तीचा आहे म्हणे. ब्रॅम्प्टनच्या आमच्या नातेवाइकांनी फोनवर सांगितलं, ‘त्या लोकांपासून लांब राहा, त्यांना सरकार सगळं फुकट देतं आणि ते काही करत नाहीत.’ मुलीला काय सांगून पाठवू? – एक आई, इंदिरानगर

आधी विषयाचं बोलू. युनिव्हर्सिटी ऑफ विनिपेगने २०१६ पासून पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला तो सक्तीचा केला आहे. मुलीने तो पास होण्यापुरता उरकू नये, मन लावून शिकावा. ज्या शहरात ती राहणार आहे, ते शहर तिला त्यातून कळेल. मूळ रहिवाशांची सर्वांत मोठी वस्ती असलेलं कॅनडातलं शहर म्हणजे विनिपेग. २०२१ च्या जनगणनेत शहर आणि आसपासचा परिसर मिळून असे एक लाखाहून अधिक लोक मोजले गेले. तिच्या वर्गात, बसमध्ये, दवाखान्यात तिला ही माणसं रोज भेटतील. मॅनिटोबा प्रांताचे मुख्यमंत्री, तिकडच्या भाषेत प्रीमियर, वॅब किन्यू हे अनिशिनाबे या मूळ रहिवासी समाजातले आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये ते त्या पदावर आले.

आता ‘फुकट’बद्दल. हा शब्द मला नाशिकमध्येही फार ऐकू येतो. त्र्यंबक नाक्यावर, लग्नाच्या पंगतीत, अगदी शिक्षकांच्या खोलीतही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मॅनिटोबा, सस्कॅचेवान आणि अल्बर्टा या प्रांतांचा दक्षिणेकडचा भाग हा गवताळ मुलूख. तो कुणी लढाईत जिंकून घेतलेला नाही. १८७१ ते १८७७ या सहा वर्षांत ब्रिटिश राणीच्या नावाने तिथल्या मूळ रहिवाशांच्या राष्ट्रांशी (त्यांचा प्रत्येक समूह स्वतःला राष्ट्र, ‘फर्स्ट नेशन’, म्हणवतो) एकापाठोपाठ एक सात तह झाले. पहिला तह विनिपेगजवळच्या लोअर फोर्ट गॅरीत, ३ ऑगस्ट १८७१ रोजी. आपण तह म्हटलं की पुरंदरचा तह आठवतो, हरलेल्याने किल्ले मोजून देण्याचा. हे तसे नव्हते. बायसनचे, म्हणजे तिकडच्या गव्यांचे, कळप संपत आले होते, देवीच्या साथीने वस्त्या रिकाम्या केल्या होत्या, तरी ही माणसं बरोबरीच्या नात्याने बोलणी करायला बसली. त्यांचे म्हातारे आजही सांगतात की आम्ही जमीन विकली नाही, नांगराचा फाळ जाईल तेवढ्या खोलीपुरती ती वाटून घेतली. मुदत ठरली ती जोवर सूर्य तळपतो, गवत उगवतं आणि नद्या वाहतात तोवरची. आपल्या जुन्या सनदांत ‘यावच्चंद्रदिवाकरौ’ लिहीत, तसंच.

बदल्यात राखीव जमीन (तिकडे तिला रिझर्व्ह म्हणतात), शाळा, शेतीची अवजारं आणि माणशी ठरावीक रक्कम कबूल झाली. सॅस्कटून येतं १८७६ च्या सहाव्या तहात. त्यात औषधांच्या पेटीचंही कलम आहे. ती माणशी रक्कम वर्षाला पाच डॉलर आहे. तेव्हाही पाच आणि आजही पाच. लेकीच्या शेजारी क्री राष्ट्रातली एक नर्स राहते. तिने मला स्वयंपाकघराच्या कपाटातलं एक पाकीट काढून दाखवलं. आत पाच-पाचच्या कोऱ्या नोटा, प्रत्येकीला चिकटवलेल्या कागदावर वर्ष. मी विचारलं, खर्च का करत नाहीस? ती म्हणाली, ‘हे पैसे नाहीत, ही पावती आहे. दर वर्षी जाऊन मी बघते, सरकारला अजून आठवतंय ना.’

बाकी जे ‘फुकट’ म्हणतात, त्यातलं बरंचसं खरं नाही. करमाफी रिझर्व्हवरच्या मालमत्तेला आणि कमाईला आहे. शहरात नोकरी करणारी ती नर्स तुमच्या ब्रॅम्प्टनच्या नातेवाइकांइतकाच कर भरते. उच्च शिक्षणाचा पैसा ठरावीक असतो, तो त्या-त्या राष्ट्राच्या कचेरीतून वाटला जातो आणि सगळ्यांना पुरत नाही. १९९६ मध्ये केंद्र सरकारने त्याच्या वाढीला वर्षाला दोन टक्क्यांची वेसण घातली आणि ती अनेक वर्षं काढली नाही.

आणि फुकट कुणाला काय मिळालं ते पाण्यावरून बघा. विनिपेगच्या नळाला जे पाणी येतं ते शोल लेक या तळ्याचं. दीडशे किलोमीटरचा कालवा बांधून १९१९ मध्ये ते शहरात आणलं. त्या तळ्याकाठी ज्यांचं गाव होतं त्या ‘शोल लेक ४०’ नावाच्या राष्ट्राची जमीन त्यात गेली, गाव हलवलं गेलं आणि खोदकामामुळे बेटासारखं तुटून पडलं. त्याच तळ्याच्या काठी १९९७ पासून सप्टेंबर २०२१ पर्यंत, चोवीस वर्षं, ‘पाणी उकळून प्या’ असा आदेश होता. महामार्गाला जोडणारा बारमाही रस्ता त्यांना २०१९ मध्ये मिळाला. त्याचं नाव त्यांनी फ्रीडम रोड ठेवलं. वैतरणेचं पाणी मुंबईला जातं आणि धरणाच्या वरच्या पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यात बायका झऱ्याशी वाटीने हंडा भरतात, हे आपल्या जिल्ह्यात बघितलेल्या माणसाला मी वेगळं काय सांगू?

विनिपेगच्या मध्यवस्तीत गरिबी आहे, दारू आहे, उघड्यावर झोपणारी माणसं आहेत. मुलीने रात्री नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावर जी काळजी घेतली असती तीच तिथे घ्यावी. पण ‘त्या लोकांपासून लांब’ हे वाक्य तिच्या बॅगेत घालू नका, ही माझी कळकळीची विनंती.

प्रश्न : तुम्ही लिहिलेल्या निवासी शाळांबद्दल वाचून झोप लागली नाही. मी स्वतः आश्रमशाळेत शिकवतो. आपलं आणि त्यांचं सारखंच आहे का? स्पष्ट सांगा. – एक शिक्षक, पेठ तालुका

सर, सारखं नाही. तरीही तुमची झोप उडाली हे बरं झालं, माझीही उडाली होती.

आधी त्यांचं. मूळ रहिवाशांच्या मुलांना घरापासून दूर ठेवणाऱ्या या शाळांना सरकारने पैसा दिला, चर्चने त्या चालवल्या. सुमारे दीड लाख मुलं त्यांतून गेली. १९२० मध्ये कायदा बदलून सक्ती झाली, मूल दिलं नाही तर आईबापांवर कारवाई. मूल शाळेत पोचलं त्याच दिवशी केस कापायचे, अंगावरचे कपडे काढून घ्यायचे, नावाच्या जागी नंबर, आणि घरची भाषा तोंडातून निघाली की मार. बहीण-भाऊ एकाच आवारात असूनही बोलायचे नाही. डॉ. पीटर ब्राइस नावाच्या सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याने १९०७ मध्ये याच गवताळ मुलखातल्या पस्तीस शाळा तपासल्या आणि क्षयाने मुलं मरताहेत, खोल्यांना हवा नाही, असा अहवाल दिला. त्यावर काहीच हललं नाही. नोकरीतून बाहेर पडल्यावर, १९२२ मध्ये, त्यांनी ते सगळं पुस्तिका काढून लोकांपुढे मांडलं. या शाळांची कागदपत्रं जपणाऱ्या विनिपेगच्या राष्ट्रीय केंद्राकडे आज अशा शाळांत मरण पावलेल्या चार हजारांहून अधिक मुलांची नोंद आहे. सस्कॅचेवानमधली गॉर्डन्स नावाची शाळा बंद झाली १९९६ मध्ये. म्हणजे मी सुरगाण्यात मुख्याध्यापक होते तेव्हा.

न्यायमूर्ती मरे सिंक्लेअर यांच्या अध्यक्षतेखालच्या सत्य आणि समेट आयोगाने साडेसहा हजारांहून अधिक लोकांचं म्हणणं ऐकलं आणि २०१५ मध्ये ९४ शिफारशी केल्या. जे घडलं त्याला त्यांनी ‘सांस्कृतिक वंशसंहार’ म्हटलं. त्याआधी २००८ मध्ये पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली होती. २०२२ मध्ये पोप फ्रान्सिस अल्बर्टातल्या मास्कवासिसला जाऊन माफी मागून आले.

आपली आश्रमशाळा त्या हेतूने उभी राहिलेली नाही. पाड्यावर शाळा नाही, घरात दोन वेळची नागलीची भाकरी पुरत नाही, म्हणून आईबाप स्वतः मूल आणून सोडतात, सुट्टीत घेऊन जातात. आपली मुलं तिथून शिकून तलाठी झाली, नर्स झाली, तुमच्यासारखी शिक्षक झाली. हा फरक मी कधीही पुसू देणार नाही. पण मुलांच्या आजारपणाच्या आणि मृत्यूच्या बातम्या आपल्याकडूनही येतात, आणि भाषेच्या बाबतीत आपले हात स्वच्छ नाहीत. माझे तर नाहीतच.

१९८७ साल. मी तेवीस वर्षांची, नवी नोकरी. पहिलीत एक कोकणा मुलगी आली. चित्रातल्या बाईकडे बोट दाखवून मी विचारलं, ही कोण? ती चटकन म्हणाली, ‘आयीस’. मी म्हटलं, आयीस नाही, आई म्हणायचं. तिने परत ‘आयीस’ म्हटलं. मी सगळ्या वर्गाकडून मोठ्याने ‘आई, आई’ दहा वेळा म्हणून घेतलं आणि तिला उभं ठेवलं. मारलं नाही, ओरडलेही नाही. मला वाटलं, मी छान शिकवते आहे. त्या दिवसापासून दिवाळीपर्यंत ती मुलगी वर्गात एक अक्षर बोलली नाही. हजेरीला नुसता हात वर करायची. शेऱ्यात मी लिहिलं, ‘मतिमंद असावी’.

दिवाळीच्या सुट्टीला तिचा बाप न्यायला आला. खांद्यावर टॉवेल, पायात काही नाही. फाटकाबाहेर पडल्या पडल्या ती बोलायला लागली. त्याचं बोट धरून, मान वर करून, धाप लागेपर्यंत बोलत होती. रस्त्याच्या वळणाआड दोघं गेली तरी तिचा आवाज येत होता. मी हातात हजेरीपट घेऊन फाटकात उभी. तो शेरा मी त्याच दिवशी खोडला, पण ते महिने तिला परत देता आले नाहीत. सॅस्कटूनच्या ग्रंथालयात आयोगाचा अहवाल उघडून बसले तेव्हा पानापानावर मला ती दिसत होती.

पुढच्या वर्षापासून मी त्यांचे शब्द वहीत उतरवायला लागले. पहिलीला आधी त्यांच्या भाषेत गोष्ट, मग मराठीत. आता २०२० च्या शैक्षणिक धोरणातही घरच्या भाषेतून सुरुवात करा असं लिहिलं आहे. सर, कागदाची वाट न बघता उद्यापासून सुरू करा. तुमच्या शाळेत स्वयंपाकाला असलेल्या मावशी असतील ना, त्यांना आठवड्यातून एक तास वर्गात गोष्ट सांगायला बसवा. त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

एक गोष्ट तुमच्यासाठी मुद्दाम. अल्बर्टात सेंट पॉल गावाजवळ ब्लू क्विल्स नावाची अशीच एक निवासी शाळा होती. १९७० च्या उन्हाळ्यात पालकांनी तिथे मुक्काम ठोकला, शाळा आमच्या हातात द्या म्हणाले, आणि ती घेऊनच उठले. मूळ रहिवाशांनी स्वतः चालवलेली ती कॅनडातली पहिली शाळा. त्याच इमारतीत आज त्यांचं विद्यापीठ आहे, क्री आणि डेने भाषा तिथे शिकवल्या जातात. २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत सोललेल्या पायांनी चालत गेलेल्या आपल्या लोकांची मला ते वाचताना आठवण झाली.

प्रश्न : मी बँकेत गृहकर्जाचं काम बघतो. इतक्या श्रीमंत देशात या लोकांची घरं वाईट का? कर्ज काढून बांधत का नाहीत? – एक वाचक, दिंडोरी

तारण नाही म्हणून. रिझर्व्हची जमीन कायद्याने राजसत्तेच्या नावावर असते, वापर त्या राष्ट्राचा. १८७६ च्या ‘इंडियन अॅक्ट’मधल्या तरतुदींमुळे बाहेरची बँक ती मालमत्ता जप्त करू शकत नाही, त्यामुळे बहुतेक वेळा मंत्र्याची हमी लागते. आपल्या जमीन महसूल संहितेतलं कलम ३६ आणि ३६अ तुमच्या टेबलावर रोज येत असेल. आदिवासींची जमीन बाहेरच्याच्या घशात जाऊ नये म्हणून घातलेलं कुंपण, आणि त्याच कुंपणाने कर्जही अडतं. कुंपण काढा असं मी म्हणणार नाही. कुंपण काढलं की काय होतं ते नाशिकच्या आसपासच्या फार्महाउसांखालचे जुने सातबारे सांगतील.

मग घर राष्ट्राच्या कचेरीकडून मिळायचं, आणि वाट बघणारे खूप. २०२१ च्या जनगणनेत रिझर्व्हवर राहणाऱ्या फर्स्ट नेशन्सपैकी एक तृतीयांशाहून अधिक माणसं दाटीवाटीच्या घरात होती. उणे चाळीसच्या थंडीत खिडकी उघडता येत नाही, दहा माणसांचा श्वास आणि चुलीची वाफ भिंतीवर गोठते, बुरशी धरते, आणि मुलांना खोकला लागतो तो लागतोच.

एक आशेची वाटही आहे. सहाव्या तहात पाच जणांच्या कुटुंबामागे एक चौरस मैल जमीन कबूल होती आणि अनेक राष्ट्रांना ती पूर्ण मिळालीच नव्हती. मस्केग लेक क्री राष्ट्राने त्या थकबाकीतून १९८८ मध्ये सॅस्कटून शहराच्या आतच जमीन घेतली. आज तिथे कचेऱ्या आहेत, धंदे आहेत, आणि पालिकेच्या सेवांचे पैसे ते करार करून भरतात. १९९२ मध्ये सस्कॅचेवानमधल्या अशा थकबाकीसाठी मोठा करारच झाला. मी तिथून चालत जायचे. फलकावर क्री नाव, खाली हिशेबतपासनिसाचं कार्यालय. ते बघून मला फार बरं वाटायचं.

प्रश्न : ‘रिझर्व्ह’ म्हणजे आपल्यासारखं आरक्षण का? आणि त्यांना इंडियन म्हणायचं की आदिवासी? – स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, पंचवटी

रिझर्व्ह म्हणजे राखून ठेवलेली जमीन, नोकरीतल्या राखीव जागा नव्हेत. १८८५ नंतर कित्येक वर्षं त्या जमिनीबाहेर पडायलाही सरकारी माणसाची चिठ्ठी लागायची, आणि त्या चिठ्ठीला कुठल्याही कायद्याचा आधार नव्हता. ‘इंडियन’ हा शब्द कायद्यात उरला आहे, तोंडी वापरू नये. १९८२ च्या घटनेत तीन समूह आहेत : इंडियन (आज त्यांना फर्स्ट नेशन्स म्हणतात), मेटिस (मूळ रहिवासी आणि युरोपीय यांच्या मिश्र वंशाचे) आणि इन्युइट (उत्तर ध्रुवाकडचे). शक्य असेल तेव्हा नेमकं नाव घ्यावं, क्री, डेने, ब्लॅकफूट. आपणही कोकणा, वारली, महादेव कोळी म्हणतोच की. परीक्षेला उपयोगी पडेल असं एक : मूळ रहिवाशांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा जाहीरनामा १३ सप्टेंबर २००७ रोजी मंजूर झाला, तेव्हा विरोधात मत देणाऱ्या चार देशांत कॅनडा होता. भारताने बाजूने मत दिलं. कॅनडाने त्यावर कायदा केला २०२१ मध्ये.

प्रश्न : बाई, त्यांचे सण, नाच, भाषा याबद्दल काहीच लिहिलं नाहीत. माझा नातू रेजायनाला आहे, त्याला पाववावला, म्हणजे त्यांच्या नाचाच्या मेळ्याला, बोलावलं आहे. जाताना काय न्यावं, कसं वागावं? – एक आजी, गंगापूर रोड

आजी, चूक माझी. दुःखाचं लिहिताना आनंदाचं राहून गेलं.

सॅस्कटूनबाहेर वानुस्केविन नावाची जागा आहे, नदीला ओढा मिळतो तिथे. सहा हजार वर्षांपासून माणसं तिथे येत राहिली आहेत. डिसेंबर २०१९ मध्ये त्यांनी तिथे बायसन परत आणले, शे-दीडशे वर्षांनी. पुढच्या उन्हाळ्यात ती जनावरं धुळीत लोळली, खुरांनी माती उकरली आणि खालून कोरीव दगड वर आला. बायसनच्या बरगड्यांसारख्या रेघा कोरलेला. शेजारच्या नर्सच्या आजीने तो बघितला आणि म्हणाली, ‘आणून सोडल्याबद्दल त्यांनी भेट दिली.’ आजीला ते ‘कोकुम’ म्हणतात. त्यांच्या डोक्याला फुलाफुलांचा रुमाल असतो, युक्रेनहून आलेल्या शेतकरी बायकांकडून घेतलेला.

क्री लिपी तर आपल्याला आपलीच वाटेल. इंग्रजी व्हीसारखी एक खूण. टोक खाली तर ‘पे’, वर तर ‘पि’, उजवीकडे तर ‘पो’, डावीकडे तर ‘पा’. अक्षर तेच, फिरवलं की स्वर बदलतो. १८४० मध्ये जेम्स इव्हान्स या मिशनऱ्याने ती छापली, आणि तिच्यामागे देवनागरीची प्रेरणा होती असं अभ्यासक मानतात. क्री लोक मात्र सांगतात की ती त्यांच्या एका पूर्वजाला आत्म्यांच्या लोकातून मिळाली. नर्सच्या मुलीला मी प, पि, पे, पो काढून दाखवलं, तिने मला तिची दाखवली. एका दुपारी आम्ही दोघींनी फळीवर दोन बाराखड्या शेजारी शेजारी लिहिल्या.

पाववावचं आता. आधी मोठी मिरवणूक आत येते, तिला ग्रँड एन्ट्री म्हणतात. तेव्हा उभं राहायचं आणि टोपी काढायची. सूत्रधार नको म्हणेल तेव्हा फोटो नाही. नाचणाऱ्याच्या अंगावर जे आहे त्याला ‘ड्रेस’ किंवा ‘वेश’ म्हणू नये, रिगॅलिया म्हणावं, आणि हात तर मुळीच लावू नये. एकेक मणी कुणाच्या आजीने ओवलेला असतो. गरुडाचं पीस खाली पडलं तर नातवाने उचलायला धावू नये. नाच थांबतो, जाणती माणसं ते विधीने उचलतात. एखाद्या वडीलधाऱ्याला काही विचारायचं असेल तर आधी थोडी तंबाखू द्यायची रीत आहे. आपण विडा-सुपारी ठेवतो ना, तशी.

‘इंटरट्रायबल’ अशी हाक आली की मैदान सगळ्यांसाठी मोकळं होतं. तेव्हा त्याने बसून राहू नये. ढोल मोठा असतो, भोवती सात-आठ जण बसून वाजवतात, आणि ठोका पायातून वर चढतो. डोंगऱ्या देवाच्या रात्री पावरी सुरू झाल्यावर होतं तसं. पाऊल सोपं आहे, पुढच्याचं बघून टाकायचं. दुमडती खुर्ची आणि पाण्याची बाटली मात्र घरून न्यायला सांगा, कार्यक्रम रात्री उशिरापर्यंत चालतो.